एका सर्व्हरवर किती डेस्कटॉप?

जून उजाडायच्या आत खान्देशातल्या बऱ्याच कॉलेजांत एक प्रश्न हमखास निघतो: कॉम्प्युटर लॅब नवी करायची की आहे तीच आणखी एक वर्ष रेटायची? अलीकडे त्याला तिसरा पर्याय जोडला गेलाय, व्हर्च्युअल डेस्कटॉपचा. साठ पीसी घेण्याऐवजी एक दणकट सर्व्हर घ्यायचा आणि टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि हातात मावेल एवढा थिन क्लायंट ठेवायचा. विद्यार्थी बसतो लॅबमध्ये, त्याचं विंडोज चालतं सर्व्हरच्या खोलीत, आणि त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त स्क्रीनवरचं चित्र. कल्पना उत्तम आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. माझा आक्षेप आहे तो माहितीपत्रकातल्या एका ठळक ओळीला: ‘एका सर्व्हरवर १०० डेस्कटॉप’.

१०० डेस्कटॉप काय करत असताना? नुसते लॉगिन होऊन पडलेले, की ‘सी’चा प्रोग्रॅम कंपाइल करणारे, ऑटोकॅड उघडणारे, यूट्यूबवर लेक्चर बघणारे? आणि क्लिक केल्यावर किती वेळ थांबावं लागलं तरी ते ‘चालतंय’ म्हणायचं? या दोन प्रश्नांची उत्तरं सोबत नसतील तर त्या १००ला काही अर्थ उरत नाही. खरा आकडा आपला आपल्याला मोजता येतो. त्यासाठी चाचणीची नीट मांडणी करावी लागते, आणि ती का करावी लागते हे कळण्यासाठी थोडं आत शिरावं लागतं.

सर्व्हरच्या हार्डवेअरवर आधी हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर बसतं. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे वाटे करून ते प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे इथे प्रत्येक डेस्कटॉपला, हा सगळा कॉम्प्युटर तुझाच आहे असं भासवतं. युक्ती जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात मेनफ्रेमवर ती वापरली होती. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी साध्या प्रोसेसरमध्येच तिची सोय केली आणि ती सगळ्यांच्या आवाक्यात आली. मेमरीची वाटणी कागदावर होते: ४ जीबीचे ६० डेस्कटॉप म्हणजे २४० जीबी, वर हायपरव्हायझरचा थोडा वाटा. प्रोसेसरचा हिशेब असा होत नाही. त्यात कोअर असतात, म्हणजे एका वेळी एकेक काम करणारे भाग. ३२ कोअरच्या सर्व्हरवर प्रत्येकी २ व्हर्च्युअल कोअरचे ६० डेस्कटॉप ठेवले तर मागणारे १२० आणि देणारे ३२. सगळे एकाच क्षणी मागत नाहीत, या भरवशावर गाडी चालते. म्हणजे इथे रांग आली, आणि रांगेचं गणित भल्याभल्यांचा अंदाज चुकवतं.

कापसाचा हंगाम भरात असताना जिनिंगच्या वजनकाट्यावर उभं राहून बघा. काटा एक, आणि एका ट्रॅक्टरला समजा सरासरी ५ मिनिटं लागतात. तासाला ६ ट्रॅक्टर आले तर काटा निम्मा वेळ रिकामा राहतो. तरीही काहींना थांबावं लागतंच, कारण ट्रॅक्टर घड्याळ लावून येत नाहीत. तीन एकदम येतात, मग बराच वेळ कुणी फिरकत नाही. गणित सांगतं की रांग आणि वजन धरून एका ट्रॅक्टरचे सरासरी १० मिनिटं जातात. तासाला ९ आले तर २० मिनिटं. ११ आले तर पूर्ण एक तास! ट्रॅक्टर दुप्पटही झाले नाहीत, वेळ मात्र सहापट झाला. आणि काटा तर अजूनही तासाला १२ ट्रॅक्टर मोजू शकतो, म्हणजे ‘क्षमता शिल्लक आहे’ असं म्हणणाराही खोटं बोलत नाही.

या गणिताचा पाया आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने घातला. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता. एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९०९मध्ये त्याने या विषयावरचा पहिला लेख लिहिला. सर्वांत साध्या रांगेसाठी सूत्र एका वाक्यात मावतं: कामाला लागणारा मूळ वेळ घ्या आणि यंत्राचा जेवढा अंश रिकामा आहे त्याने भागा. प्रोसेसरचं २०० मिलिसेकंदांचं काम घेऊ. प्रोसेसर ५० टक्के व्यग्र असेल तर ते ४०० मिलिसेकंदांत होतं, ८० टक्क्यांना १ सेकंदात, ९० टक्क्यांना २ सेकंदांत आणि ९५ टक्क्यांना ४ सेकंदांत. शेवटचे पाच टक्के वाढले आणि वेळ दुप्पट झाला. माणसाला ०.१ सेकंदात आलेलं उत्तर तत्काळ वाटतं आणि साधारण १ सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची तंद्री मोडत नाही. त्यापुढे तो पुन्हा क्लिक करतो, म्हणजे रांगेत आणखी एक काम टाकतो.

व्यग्रता वाढत जाते तसा वेळ किती वाढतो याचा आलेख काढला, तर कोअर एकाऐवजी बत्तीस असले की तो बराच वेळ सपाट राहतो आणि पुढे जाऊन अधिक तीव्रपणे वर चढतो. त्यामुळे फसगत वाढते. ४० डेस्कटॉपवर सगळं लोण्यासारखं, ५०वरही ठीक, आणि ५८वर लॅब हँग. व्हर्च्युअल मशीन कामाला तयार आहे पण कोअर मोकळा नाही, अशा वेळाची हायपरव्हायझर वेगळी नोंद ठेवतो. त्याला ‘रेडी टाइम’ म्हणतात. व्हीएमवेअर या कंपनीच्या हायपरव्हायझरच्या चालू आलेखात ही बेरीज २० सेकंदांची असते, म्हणून तिथे एका व्हर्च्युअल कोअरसमोर १००० मिलिसेकंद दिसले तर त्याचा अर्थ ५ टक्के वेळ रांगेत गेला. त्यातही मशीनला विनाकारण ४ व्हर्च्युअल कोअर दिले तर हायपरव्हायझरला ते चारही साधारण एका चालीने पुढे न्यावे लागतात, आणि गर्दीत चौघांना जागा मिळणं एकापेक्षा अवघड. म्हणून जास्त कोअर दिलेलं मशीन कधी कधी जास्त हळू चालतं.

चाचणीच्या मांडणीचा उद्देश एवढाच, की हा आलेख कुठे वळतो ते शोधायचं.

पहिली गोष्ट, ज्याची परीक्षा घ्यायची त्या सर्व्हरवर दुसरं काहीही ठेवायचं नाही. लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर, कुणाला कुठलं डेस्कटॉप द्यायचं ते ठरवणारा ब्रोकर आणि फायली ठेवणारा सर्व्हर ही मंडळी वेगळ्या मशीनवर हवीत. नाहीतर मोजतोय काय हेच कळणार नाही. विद्यार्थ्यांच्या जागी ‘लाँचर’ नावाची मशीन असतात. एकेक लाँचर बरीच सेशन, म्हणजे डेस्कटॉपवरची लॉगिन, उघडतो आणि प्रत्येक सेशनमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम, खोटा विद्यार्थी बनून काम करते. लाँचरच दमले तर दोष सर्व्हरच्या नावावर लागतो, म्हणून त्यांच्याही प्रोसेसरवर नजर ठेवावी लागते. या सगळ्यांना एक स्वतंत्र स्विच द्यावा. ऑफिसच्या वाय-फायवरून ही चाचणी करू नये.

स्क्रिप्ट हा चाचणीचा आत्मा आहे. बाजारात लॉगिन व्हीएसआयसारखी तयार साधनं आहेत. ती आधी मोकळ्या सर्व्हरवरचा प्रतिसादाचा वेळ मोजतात. मग सेशन एकेक वाढवत, प्रतिसाद त्या मूळ वेळेपेक्षा १००० मिलिसेकंदांनी लांबला की तिथे मर्यादा मानतात. पद्धत चांगली आहे, पण त्यातला विद्यार्थी आपला नसतो. आपला विद्यार्थी मराठीतही टाइप करतो. ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, ते सहा चिन्हांचं असतं: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. ती जुळवून एक आकार काढण्याचं काम प्रत्येक कळ दाबल्यावर पुन्हा होतं, आणि बदललेला स्क्रीनचा तुकडा दाबून लहान करून थिन क्लायंटकडे पाठवावा लागतो. तेव्हा स्क्रिप्टमध्ये मराठी परिच्छेद हवा, कंपायलर हवा, एखादी लांबलचक पीडीएफ वरखाली सरकवणं हवं. दोन कृतींच्या मध्ये माणसासारखी कमी-जास्त उसंतही हवी. सगळे खोटे विद्यार्थी एका ठोक्यावर क्लिक करू लागले तर ते वर्गातलं चित्र राहत नाही.

डेस्कटॉपची मूळ प्रत, जिला गोल्डन इमेज म्हणतात, ती चाचणीभर तीच ठेवायची आणि प्रत्येक फेरीनंतर सगळी मशीन तिच्यावर परत आणायची. विंडोज अपडेट बंद असू द्या. अँटीव्हायरस मात्र चालूच ठेवा, कारण तो लॅबमध्ये चालू असणार आहे. तो बंद करून मिळवलेला आकडा मी तरी मानत नाही. मशीन सुरू झाल्यावर आतली झाडलोट काही मिनिटं चालते, ती संपू द्यावी. मग फेऱ्या घ्याव्यात, पहिली सोडून द्यावी आणि दर वेळी एकच गोष्ट बदलावी.

वेळ मोजायचा तो बाहेरून. व्हर्च्युअल मशीनला कोअरवरून उतरवून ठेवलं, की तेवढा काळ गेला हे आतल्या प्रोग्रॅमना धड कळत नाही. प्रोसेसर किती व्यग्र ते दाखवणारा आतला टास्क मॅनेजर ‘६० टक्के’ म्हणत निवांत असतो आणि विद्यार्थी मात्र रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसलेला असतो. म्हणून कळ दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंतचा वेळ लाँचरच्या घड्याळावर घ्यावा.

आपल्याकडे एक खास परीक्षा घ्यावीच लागते, वीज जाऊन येण्याची. लॅबची वीज गेली की थिन क्लायंट बंद पडतात, सर्व्हर यूपीएसवर तग धरतो. वीज आली की साठही जण एकाच मिनिटात लॉगिन करतात. यूपीएसनेही दगा दिला असेल तर साठ विंडोज एकदम बूट होतात. याला ‘बूट स्टॉर्म’ म्हणतात आणि इथे मार डिस्कला बसतो. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची डिस्क एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी सुई सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात जेमतेम ८० कामं, आणि ती साठ जणांत वाटायची. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसल्याने ही अडचण येत नाही. तेव्हा लॉगिनची चाचणी दोनदा घ्या: एकदा जरा सावकाश, एकेक करून, आणि एकदा सगळ्यांची झुंबड उडवून.

दुसरी खास गोष्ट ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःची गती कमी करतो, आणि वर सांगितलेला वळणबिंदू अलीकडे सरकतो. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी अशी जगभर मानलेली शिफारस आहे. डिसेंबरात घेतलेल्या चाचणीचा निकाल एसी दमलेल्या मे महिन्यात लागू पडेलच असं नाही. सर्व्हरच्या तोंडाशी थर्मामीटर ठेवून प्रत्येक फेरीसोबत तापमान लिहून ठेवा. बायोसमधला, म्हणजे सर्व्हरच्या मूळ सेटिंगमधला, वीजबचतीचा पर्याय कुठला निवडलाय तेही लिहा, कारण त्याने निकाल बराच बदलतो.

निकाल वाचताना सरासरीवर जाऊ नका. ६० पैकी ५४ जणांना अर्ध्या सेकंदात उत्तर मिळालं आणि ६ जणांना ६ सेकंद लागले, तर सरासरी येते १.०५ सेकंद. ऐकायला छान वाटते, पण त्या सहा जणांचं प्रॅक्टिकल बुडालेलं असतं. म्हणून ९५ टक्के क्लिकना कमाल किती वेळ लागला, तो आकडा बघायचा. इथे तो ६ सेकंद आहे.

लॅब फार अडकायला लागली की कुणी दाराला लिंबू-मिरची बांधतं, कुणी सर्व्हर रीस्टार्ट करतं, कुणी ‘एआय बूस्टर’ नावाचं सॉफ्टवेअर विकत घेतं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच बरं वाटतं. उपाय आपण सर्वांत वाईट दिवशी करतो, आणि सर्वांत वाईट दिवसानंतर येणारा दिवस बहुतेक वेळा त्याहून बरा असतोच, काहीही केलं नाही तरी. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६मध्ये उंचीच्या आकड्यांत हेच दाखवलं होतं: फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सहसा तेवढी नाही. एकाच दिवसाचा अनुभव घेऊन उपायाला श्रेय दिलं तर लिंबाचा गुण आणि एसएसडीचा गुण यांत फरक करता येत नाही. तोच भार, तीच इमेज, आधीच्या आणि नंतरच्या पुरेशा फेऱ्या, एवढ्यावरच तो फरक दिसतो.

हे सगळं एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना सहज जमण्यासारखं आहे. लांबच्या तालुक्यातून वापर होणार असेल तर लिनक्समधल्या नेटएम या फुकट साधनाने लाइनमध्ये मुद्दाम २०-४० मिलिसेकंदांचा उशीर घालून बघा. फायबरमध्ये प्रकाशाला २०० किलोमीटरला १ मिलिसेकंदच लागतो, बाकीचा उशीर मधल्या यंत्रांचा असतो, आणि धडगावला बसलेल्या मुलाच्या टायपिंगमध्ये तो जाणवतो. आणि खरेदी समितीने निविदेत ‘१०० डेस्कटॉप’ ही अट काढून तिच्या जागी असं लिहावं: आमच्या इमेजवर, आमची स्क्रिप्ट, अँटीव्हायरस चालू, ६० सेशन एकाच वेळी, खोलीचं तापमान नोंदवलेलं, ९५ टक्के क्लिकना १ सेकंदाच्या आत प्रतिसाद आणि वीज आल्यानंतर १० मिनिटांत सगळे लॉगिन पूर्ण. चाचणी आमच्यासमोर, पैसे त्यानंतर.