पत्रा तापतो, इलेक्ट्रॉन सुटत नाही

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. आता खानदेशात घरांच्या छपरांवरही पॅनेल दिसतात आणि 'आइन्स्टाइनला याच शोधाचं नोबेल मिळालं' असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. प्रकाशातून वीज मिळते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेलला १८३९ मध्येच दिसलं होतं. पॅनेलच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटा होतो, पण आतच फिरतो. आइन्स्टाइनचा नियम मुळात प्रकाश पडल्यावर धातू सोडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनबद्दलचा, म्हणजे प्रकाशविद्युत परिणामाचा.

त्याची सुरुवात १८८७ ची, कार्ल्सरूहची. हाइनरिख हर्ट्झ विद्युतचुंबकीय लहरी शोधत होता. लहर पोचली की दुसऱ्या तारेच्या फटीत उडणारी बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने ती अंधाऱ्या पेटीत झाकली, तर ती आणखीच आखूड झाली. मध्ये काच धरली तरी तेच. अतिनील किरण जाऊ देणारा क्वार्ट्झ धरला, तर मात्र ठिणगी आखूड झाली नाही. म्हणजे करामत अतिनील किरणांची. प्रकाश लहरच आहे हे सिद्ध करणाऱ्या प्रयोगातच त्याविरुद्धचा पुरावा निघावा, हा योग काही औरच! पुढच्याच वर्षी हालवाक्सने ऋण प्रभारित जस्ताच्या पत्र्यावर अतिनील प्रकाश पाडून प्रभार निघून जाताना पाहिला. बाहेर पडतात ते इलेक्ट्रॉन, हे जे. जे. थॉमसनने १८९९ मध्ये दाखवलं.

खरा पेच फिलिप लेनार्डने १९०२ मध्ये टाकला. त्याने उलटा व्होल्टेज लावून इलेक्ट्रॉन अडवले. दिव्याचा प्रकाश हजारपट वाढवला तरी अडवायला लागणारा व्होल्टेज, म्हणजे बारावीच्या पुस्तकातलं 'स्टॉपिंग पोटेन्शियल', तसूभरही हललं नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढली, ऊर्जा नाही. लेनार्डचं म्हणणं, ही ऊर्जा अणूत आधीपासूनच असते, प्रकाश फक्त तिला वाट करून देतो. बरीच वर्षं हे पटण्याजोगं वाटत होतं.

१९०५ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयातल्या आइन्स्टाइनने प्रकाश पुड्यांनी येतो असं धरलं: एका पुडीची ऊर्जा hν (h हा प्लँकचा स्थिरांक, ν प्रकाशाची वारंवारता), त्यातून धातू सोडण्याची किंमत वजा करा, उरेल ती इलेक्ट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा. जस्ताला ही किंमत सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पडते. दिसणाऱ्या प्रकाशाच्या पुडीत फार तर ३.२. म्हणून मे महिन्यात जळगावच्या छपरावरचा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा हात पोळेल इतका तापला, तरी दिसणारं ऊन त्यातून इलेक्ट्रॉन काढू शकत नाही. ज्या अतिनील किरणांना ते जमलं असतं, ते बहुतेक वरच ओझोनमध्ये अडतात.

पण या सूत्राप्रमाणे वारंवारता आणि ऊर्जा यांचा आलेख सरळ रेषा यायला हवा आणि तिचा चढ सगळ्या धातूंना सारखाच. तेव्हा तसा आलेख कोणाकडेच नव्हता. तो काढला शिकागोच्या रॉबर्ट मिलिकनने, तोही आइन्स्टाइनला खोटं ठरवायच्या इराद्याने. सोडियम, पोटॅशियम, लिथियम हवेत लगेच काळवंडतात, म्हणून त्याने निर्वात नळीतच सुरी बसवली आणि बाहेरून चुंबकाने फिरवून दर वेळी धातूचा ताजा थर सोलला. रेषा सरळच आली. चढावरून १९१६ मध्ये निघालेली h ची किंमत ६.५७ × १०⁻²⁷ अर्ग-सेकंद, आजची ६.६३. तरीही त्याच लेखात त्याने प्रकाशकणाची कल्पना बेदरकार ठरवली.

नोबेल समितीही बिचकतच होती. १९२१ चं पारितोषिक १९२२ मध्ये जाहीर झालं ते प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी. प्रकाशकणांचा त्यात उल्लेख नाही. कॉम्प्टनचे क्ष-किरणांचे प्रयोग १९२३ मध्ये आले, तेव्हा कुठे बहुतेकांनी प्रकाशकण मान्य केला.