काउंट वर आले, तरी लसींचं विचारा

लिंफोमा हा लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. जंतू ओळखणाऱ्या आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीच बेसुमार वाढतात आणि आपलं काम सोडून देतात. त्यामुळे औषधाचा पहिला थेंब शरीरात जाण्याआधीच मुलाची प्रतिकारशक्ती लंगडी झालेली असू शकते.

त्यात किमो. ती भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते, आणि अस्थिमज्जेत तर नव्या पेशी अखंड तयार होत असतात. आधी घसरतात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, बहुधा किमोनंतर ७ ते १४ दिवसांत. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रात फाइल घेऊन बसलेले आईबाबा ‘काउंट पडले’ म्हणतात ते मुख्यतः यांचेच. एक मायक्रोलिटर रक्तात ते ५००च्या खाली गेले, की साधा ताप साधा राहत नाही. पू तयार व्हायलाही याच पेशी लागतात. त्या नसल्या की जखम चिघळल्यासारखी दिसत नाही, छातीत संसर्ग असूनही कफ पडत नाही. ताप हीच एकुलती एक खूण उरते. म्हणून थर्मामीटरने १००.४ फॅरनहाइट दाखवलं, की तापाचं औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात फोन करून निघायचं.

न्यूट्रोफिल साधारण तीनेक आठवड्यांत सावरतात. लिंफोसाइटांना मात्र महिने लागतात. रिटक्झिमॅब हे बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या लिंफोसाइटांवर नेम धरणारं औषध दिलं असेल, तर ते निरोगी बी-पेशीही पुसून टाकतं. त्या परतायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. टी-पेशी हा लिंफोसाइटांचा दुसरा प्रकार, छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतो. मुलांमध्ये ही ग्रंथी जोमात असते, त्यामुळे त्यांच्या टी-पेशी मोठ्यांपेक्षा लवकर उभ्या राहतात.

उपचार संपतात, केस येतात, पेढे वाटले जातात, आणि नेमकी तेव्हाच एक गोष्ट निसटते. काही मुलांत बाळपणीच्या लसींनी दिलेलं संरक्षण, विशेषतः गोवराविरुद्धचं, ओसरलेलं असतं. उपचार चालू असताना गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी, म्हणजे दुबळे केलेले जिवंत विषाणू असलेल्या लसी, देत नाहीत. उपचार संपल्यावर निष्क्रिय, म्हणजे जिवंत जंतू नसलेल्या लसी साधारण तीन ते सहा महिन्यांनी, जिवंत लसी त्यानंतर. रिटक्झिमॅब झालं असेल तर आणखी उशिरा. हे वेळापत्रक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

तोवर घरातल्या भावंडांना आणि आजीआजोबांना फ्लूची लस द्या. ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या आणि आपलं मूल त्याच्याशी खेळलेलं असेल, तर अंगावर पुरळ यायची वाट पाहू नका. संरक्षक इंजेक्शनाचा उपयोग सुरुवातीच्या काही दिवसांतच होतो, तेव्हा कळलं त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.