थोरल्यांचं भांडण

आजी-आजोबांचं लग्न कसं जमलं, हे नातवंडं हौसेनं विचारतात. मला मात्र त्यांच्या भांडणाकडून शिकण्यासारखं जास्त वाटतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हनसन, लॉरा कारस्टेन्सन आणि जॉन गॉटमन यांनी १५६ जोडप्यांचा अभ्यास केला. काही जोडपी चाळीस ते पन्नास वयाची, काही साठ ते सत्तरची. थोरल्यांचा संसार किमान ३५ वर्षांचा. नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं आणि ज्यावरून घरात हमखास वाजतं, त्याच विषयावर १५ मिनिटं बोलू द्यायचं. तेवढ्या वेळात हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम यांची नोंद व्हायची. चेहरे आणि आवाज नंतर चित्रफितीवरून तपासले जायचे.

वाद दोन्हीकडे झाले. पण थोरल्यांच्या बोलण्यात राग, तिटकारा, कुरकुर कमी होती आणि मधूनच माया डोकावत होती. प्रश्न तितकाच गंभीर असला तरीही! ऐन वादात समोरच्याला आपलं मानत राहणं, हे मला फार मोठं कौशल्य वाटतं.

भांडकुदळ जोडपी तोवर वेगळी झाली असतील, उरली ती गुण्यागोविंदानं राहणारी, अशी शंका रास्त आहे. पण २०१८ साली याच अभ्यासातल्या ८७ जोडप्यांच्या १३ वर्षांतल्या संभाषणांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्याच माणसांमध्ये थट्टामस्करी वाढली होती. टीका आणि स्वतःचा बचाव कमी झाला होता.

अर्थात नुसतं सोसणं म्हणजे प्रेम नव्हे. याच अभ्यासात, असमाधानी संसारांतल्या बायकांच्या तब्येतीच्या तक्रारी नवऱ्यांपेक्षा जास्त होत्या. सुखी संसारांत तो फरक नव्हता. ‘पन्नास वर्षं निभावलं’ असं कौतुकानं म्हणताना कुणी निभावलं, हे विचारायलाच हवं.

हा मवाळपणा येतो कुठून? कारस्टेन्सन यांच्या मते, पुढचा वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणूस नव्या ओळखींपेक्षा जिवलगांना जपतो. म्हणजे प्रश्न केवळ वयाचा नाही. १९९७ साली हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार होतं. कुणासोबत वेळ घालवायला आवडेल, असं तिथल्या लोकांना वर्षभर आधी विचारलं, तेव्हा ओळखीच्या, जवळच्या माणसांकडे ओढा होता तो वृद्धांचा. हस्तांतर दोन महिन्यांवर आलं, एक काळ संपत आल्यासारखा झाला, तेव्हा तरुणही त्यांच्यासारखीच निवड करू लागले. हस्तांतरानंतर वर्षभरानं पुन्हा विचारलं, तर तरुण आणि वृद्धांमधला फरक परत आला होता.