पऱ्हाटीवरची अळी सर्च इंजिनला कशी सापडते?

2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कापसाचं, म्हणजे तिथल्या बोलीतल्या पऱ्हाटीचं, अतोनात नुकसान केलं. त्यानंतर या अळीवर मराठीत बरंच लिहिलं गेलं: कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका, कृषी अधिकाऱ्यांचे लेख, अनुभवी शेतकऱ्यांची टिपणं. पण फुलांच्या डोमकळ्या (अळी आत शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुलं) दिसल्यावर मोबाइलवर उपाय शोधणाऱ्या माणसाला यातलं नेमकं काय सापडेल, हे लेखाच्या दर्जाइतकंच त्यातल्या शब्दांवर ठरतं. आपलं लिखाण जास्त लोकांपर्यंत जावं असं वाटणाऱ्या प्रत्येकाने हे शब्दांचं गणित एकदा समजून घ्यायला हवं. ते अवघड नाही.

आपण काही शोधतो तेव्हा सर्च इंजिन त्या क्षणी जगभरची पानं वाचत बसत नाही. ती त्याने आधीच वाचून ठेवलेली असतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच एक अवाढव्य सूची त्याच्याकडे तयार असते. प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर, कितव्या जागी आलाय याची नोंद. ‘कापूस बोंडअळी उपाय’ असं टाइप केलं की या तीन शब्दांच्या नोंदी काढल्या जातात आणि ज्या पानांवर त्या जुळतात ती पुढे येतात.

जुळणारी पानं हजारो असतील तर वर कोण? इथे केंब्रिजमधल्या कॅरन स्पार्क जोन्स या संशोधक बाईंनी 1972 मध्ये मांडलेली कल्पना कामाला येते. जो शब्द सगळीकडे सापडतो त्याला किंमत कमी, जो थोड्याच ठिकाणी सापडतो त्याला जास्त. समजा एकूण 10 लाख पानं आहेत. ‘आणि’ जवळपास सगळ्यांवर असेल. 10 लाखांना 10 लाखांनी भागलं की 1, आणि त्याचा 10 या पायाचा लॉगॅरिथम (ती संख्या म्हणजे 10 चा कितवा घात) शून्य. म्हणजे ‘आणि’चं वजन शून्य. ‘बोंडअळी’ फक्त 1,000 पानांवर असेल तर भागाकार 1,000 आणि वजन 3. ‘डोमकळी’ 10 पानांवरच असेल तर वजन 5. अर्ध्या शतकानंतरही ही कल्पना शोधशास्त्राच्या पायात आहे, आणि लिहिणाऱ्याने तिच्यातून घ्यायचं ते एवढंच: ‘पिकांवरील विविध समस्या’ असं मोघम लिहू नका. डोमकळी, कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा), फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेलं कापसाचं पीक) हे नेमके शब्द वापरा. तेच वजनदार असतात.

मग तो शब्द पन्नास वेळा लिहिला तर? हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात घडवलेलं बीएम25 नावाचं सूत्र आजही अनेक शोधयंत्रणांत वापरलं जातं. त्याच्या एका नेहमीच्या मांडणीत, सरासरी लांबीच्या लेखात शब्द एकदा आला तर 1 गुण धरू. दोनदा आला तर सुमारे 1.38. वीस वेळा आला तर 2.08. आणि कितीही वेळा आला तरी 2.2 च्या पलीकडे गुण जातच नाहीत. पुनरुक्तीचा फायदा इतक्या लवकर संपतो. त्याच्या जोरावर वाचकाला कंटाळा आणण्यात काय अर्थ आहे?

इथवरचं गणित कुठल्याही भाषेला लागू आहे. मराठीची गोष्ट मात्र पुढे गुंतागुंतीची होते. इंग्रजी नाम फारसं बदलत नाही. आपला ‘कापूस’ मात्र कापसाला, कापसावर, कापसाच्या, कापसातली अशा कितीतरी रूपांत फिरतो. नुसतं शेवटचं ‘वर’ काढून भागत नाही. उरतं ते ‘कापसा’, आणि त्यावरून ‘कापूस’पर्यंत पोचायला सामान्यरूपाचा नियम कळावा लागतो. त्यातून ‘बोंडअळी’ कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून ‘बोंड अळी’. पुढे बोंडअळ्या, बोंडअळ्यांचा. यंत्राच्या लेखी हे सगळे वेगवेगळे शब्द, जोवर त्याला शब्दाचं मूळ काढायला शिकवलेलं नसतं तोवर.

याचा परिणाम किती मोठा असतो, हे स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठाच्या ल्यिल्याना डोलामिच आणि जाक साव्हॉय यांनी मोजलं. भारतीय भाषांमधल्या शोधाची चाचणी घेण्यासाठी 2008 मध्ये ‘फायर’ या उपक्रमाने वर्तमानपत्री मजकुराचे संच तयार केले होते, त्यात मराठीही होती. प्रत्यय कसून छाटून शब्दाच्या मुळाशी गेलं, तर शोधाची गुणवत्ता बंगालीत सुमारे 18 टक्के, हिंदीत 28 टक्के आणि मराठीत तब्बल 42 टक्क्यांनी सुधारली. तिघींत सगळ्यात जास्त फरक आपल्याच भाषेत. मला हा आकडा फार बोलका वाटतो. यंत्र प्रत्यय सोडवण्यात जिथे कमी पडतं, तिथे मराठी पानाचं नुकसान शेजारच्या भाषांपेक्षा जास्त होतं.

म्हणून शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात तरी मूळ रूप एकदा सुटं यावं. ‘कपाशीवरील शेंदरी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन’ हे शीर्षक पुस्तिकेला शोभतं, पण शोधणारा असं बोलतच नाही. ‘कापूस: गुलाबी बोंडअळी कशी ओळखावी, उपाय काय’ यात त्याचे शब्द आहेत. ‘शेंदरी’ हवं असेल तर पुढच्याच ओळीत ‘हिलाच शेंदरी बोंडअळी म्हणतात’ असं लिहावं. आणि विदर्भासाठी लिहीत असाल तर ‘पऱ्हाटी’ आलंच पाहिजे. 2019 च्या अखेरीस गूगलने बर्ट हे भाषेचं मॉडेल शोधासाठी 70 पेक्षा जास्त भाषांत आणलं, आणि शब्द वेगळा असला तरी अर्थावरून होणारी जुळवणी त्यामुळे आणखी सुधारली. पण असं मॉडेल जे वाचतं त्यातूनच शिकतं. ‘पऱ्हाटी म्हणजे कपाशी’ हे मराठी मजकुरात कुणी लिहिलंच नसेल, तर त्याला ते कळणार कुठून? बोलीतला आणि प्रमाण भाषेतला शब्द एका वाक्यात शेजारी ठेवणं हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

शब्दांखेरीज दुसरा मोठा निकष दुव्यांचा, म्हणजे लिंकचा. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्डमध्ये मांडलेलं पेजरँक असं सांगतं की ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतः मान्यताप्राप्त असेल तर आणखी महत्त्वाचं. आपल्याकडे दुसऱ्याच्या लेखाचा दुवा देण्याचा हात जरा आखडता असतो. दुवे विकत घेऊन ही उणीव भरून काढता येत नाही. असे बनावट दुवे मिळवणारी पानं खाली ढकलण्यासाठी गूगलने 2012 मध्ये पेंग्विन नावाचा बदल केला. खरा दुवा मिळतो तो कामाच्या माहितीला. लेखात ‘हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा, सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 पतंग सापडले तर फवारणीचा निर्णय घ्या’ इतकं स्पष्ट असेल, तर दुसरा लिहिणारा त्याचा हवाला देईल.

आता एक अगदी बारीक गोष्ट. ‘पऱ्हाटी’ आणि ‘पर्‍हाटी’ हे दोन शब्द नीट पाहा. डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी वेगळे आहेत. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे जोडणीसाठी टाकलेलं एक अदृश्य चिन्ह. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी संगणकाची जागतिक पद्धत. तिच्या एकरूपतेच्या नियमांनी ही दोन रूपं आपोआप एक होत नाहीत. सर्च इंजिनाने ती मुद्दाम एक मानली तरच होतात. आपला कीबोर्ड यातलं कोणतं रूप देतो ते एकदा तपासावं, आणि सगळ्या लेखांत एकच ठेवावं.

जुन्या फाँटची अडचण याहून कितीतरी मोठी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या कितीतरी मराठी पुस्तिका कृतिदेव, श्रीलिपी अशा फाँटांत टाइप झाल्या आणि तशाच पीडीएफ होऊन वेबसाइटवर चढल्या. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतो. फाँट त्यांना फक्त देवनागरी आकार देतो. त्यातला मजकूर उचलणाऱ्या यंत्राच्या हाती ही अक्षरंच लागतात, आणि त्याच्या सूचीत ‘बोंडअळी’पुढे या पुस्तिकेची नोंद होत नाही. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात. मात्र जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बदलताना बिघडतात, त्यामुळे नंतर कुणीतरी मराठी जाणणाऱ्याने ओळ न् ओळ वाचून काढावी लागते. एका पुस्तिकेला एखादी दुपार जाते, आणि पुढच्या फेरीत सर्च इंजिनाचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) त्या पानावर आला की तिच्यातला शब्द न् शब्द सूचीत चढतो.