सिंकहोल कसा होतो हे शिकवणारा साखरेचा प्रयोग

सिंकहोल म्हणजे वरून धडधाकट दिसणारी जमीन खालचा आधार गेल्यामुळे अचानक किंवा हळूहळू खचून झालेला खड्डा. तो कसा होतो हे मुलांना दाखवायचा सगळ्यात सोपा प्रयोग म्हणजे पारदर्शक डब्यात साखरेचे क्यूब, त्यावर मातीचा थर आणि वरून थेंब थेंब पाणी. भूगोलाच्या तासालाही चालतो आणि विज्ञानाच्याही, पाचवीपासून पुढच्या कुठल्याही वर्गाला जमतो आणि खर्च जवळपास नाहीच.

आधी खरं काय होतं ते. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साईड घेतं, त्याचं सौम्य कार्बोनिक अॅसिड होतं, ते चुनखडकाच्या भेगांमधून झिरपत राहतं आणि हजारो वर्षांत खडक विरघळवून आत पोकळ्या करतं. मग वरची माती कणाकणाने त्या पोकळीत उतरायला लागते, वर फक्त एक छप्पर उरतं, ते आतून पातळ होत जातं आणि एखाद्या दिवशी कोसळतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या विंटर पार्कमध्ये मे १९८१ मध्ये असा सुमारे १०० मीटर रुंद खड्डा पडला, त्यात एक घर, काही गाड्या आणि सार्वजनिक स्विमिंग पूलचा काही भाग गेला. केंटकीतल्या कॉर्व्हेट गाड्यांच्या म्युझियमची फरशी फेब्रुवारी २०१४ मध्ये अशीच खचली आणि ८ गाड्या खाली गेल्या. चुनखडकच हवा असंही नाही, मृत समुद्राच्या काठावर पाणी मागे हटत चाललंय तसं जमिनीतलं गोडं पाणी खालच्या मिठाच्या थरापर्यंत पोचतंय, मीठ विरघळतंय आणि तिथे हजारो सिंकहोल झालेत.

आता मांडणी. प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा किंवा मोठा ग्लास घ्यायचा, तळाला दाभणाने चार-पाच भोकं पाडायची आणि खाली दोन काड्या ठेवून तो ताटलीत उभा करायचा, म्हणजे पाणी साचणार नाही. तळाशी बारीक खडीचा पातळ थर, त्यावर साखरेचे क्यूब एकावर एक, आणि हे महत्त्वाचं, क्यूब डब्याच्या भिंतीला अगदी चिकटून रचायचे, मधोमध रचले तर मुलांना आतलं काहीच दिसत नाही आणि प्रयोगाचा अर्धा जीव तिथेच जातो. क्यूब मिळाले नाहीत तर खडीसाखरेचे मोठे खडे चालतात, फक्त वेळ जास्त लागतो. वर दोन बोटं जाडीची ओलसर माती हलकी दाबून बसवायची, त्यावर पुठ्ठ्याचं घर, काडेपेटीची गाडी, मुलांना हवं ते. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून पाणी थेंब थेंब सोडायचं, कोमट घेतलं तर लवकर होतं, भसकन ओतलं तर माती वरूनच वाहून जाते.

पहिली काही मिनिटं वर काहीच घडत नाही, आणि मास्तरांनी नेमकं इथे घाई करू नये. घर सरळ उभं असतं. भिंतीतून बघितलं तर क्यूबचे कोपरे गोल व्हायला लागलेले असतात, पांढरी साखर काचेसारखी दिसायला लागते, मग माती आणि साखर यांच्यामध्ये एक काळपट फट दिसते आणि तिच्या छतातून मातीचे कण सुटून खाली पडतात. वर अजूनही घर उभंच. मग घराभोवती केसासारखी गोल चीर येते आणि मधला तुकडा एकदम खाली बसतो. घर पडतं तेव्हा वर्गात आरडाओरडा होतो तो होऊ द्यावा, पण शिकण्याची जागा ती फट आहे, म्हणून वहीत चित्र पडण्याआधीचं काढून घ्यावं.

जमलं तर दोन डबे शेजारी ठेवावेत, एकात चिकणमाती मिसळलेली माती, दुसऱ्यात नुसती वाळू. वाळू स्वतःला धरून ठेवू शकत नाही, ती साखर विरघळेल तशी खाली सरकत राहते आणि वर हळूहळू बशीसारखा खोलगट भाग होतो. चिकणमाती मात्र पोकळीवर पूल धरते आणि मग अचानक पडते. निसर्गातही हे दोन्ही प्रकार आहेत, आणि जीव घेणारा बहुतेक दुसराच.

एक गैरसमज या प्रयोगातून हमखास तयार होतो, चुनखडक साखरेसारखा पटकन विरघळतो असा. तो खोडायला शहाबादी फरशीचा तुकडा पुरतो, कारण शहाबादी म्हणजे चुनखडकच. त्यावर पाणी ठेवलं तर काही होत नाही, लिंबू पिळून ठेवलं तर थोड्या वेळाने तिथली झिलई जाऊन पांढुरका डाग उरतो, ओट्यावरच्या कडप्प्याचंही तेच. म्हणजे अॅसिड लागतं आणि वेळ लागतो. फळ्याचा खडू यासाठी घेऊ नये, आपल्याकडचे बरेचसे खडू जिप्समचे, म्हणजे चुनखडकाहून वेगळ्या खनिजाचे असतात आणि व्हिनेगरमध्ये टाकले तरी फसफसत नाहीत, मुलं गोंधळतात.

आता महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर माझ्या मते नुसता साखरेचा प्रयोग अपुरा आहे. आपला बराचसा भाग बेसाल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर बसलाय आणि बेसाल्ट असा विरघळत नाही, इथे जमीन खचते ती बहुतेक माणसाने केलेल्या पोकळीमुळे. घाटकोपरला जून २०२१ मध्ये सोसायटीच्या आवारात उभी गाडी बघता बघता पाण्यात गेली, ती जागा म्हणजे काँक्रीटने झाकलेली जुनी विहीर होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये जुन्या भूमिगत कोळसा खाणीवरचं घर जमिनीत गेलं. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला सिटीत २००७ आणि २०१० मध्ये जे भयंकर खोल खड्डे पडले तिथेही खाली ज्वालामुखीची सैल राख होती, आणि गळक्या ड्रेनेजचं पाणी ती धुऊन नेत होतं.

म्हणून आणखी एक डबा साखरेशिवाय करावा. तळाला भिंतीच्या कडेला पेन्सिल जाईल एवढं एकच भोक, ते बोटाने बंद ठेवून डबा ओल्या वाळूने भरायचा आणि वर तेच पुठ्ठ्याचं घर. हे भोक म्हणजे फुटलेली ड्रेनेज लाईन. बोट काढून भोकाच्या बरोबर वर, भिंतीलगत पाणी सोडत राहिलं की वाळू पाण्याबरोबर ताटलीत येते आणि भोकाच्या वर पोकळी चढत जाते. ताटलीत जमलेली वाळू मुलांनी मोजपात्रात भरून बघावी आणि वरच्या खड्ड्यात तेवढीच मावते का ते ताडून घ्यावं. वर अजून खड्डा नसेल आणि ताटलीत मात्र वाळू जमली असेल, तर ती वाळू आतून कुठून गेली ते डबा न हलवता शोधायला सांगावं.