स्विच की राउटर? घरातल्या दोन कॉम्प्युटरसाठी नेमकं काय घ्यावं

नागपूरच्या सीताबर्डीत दुकानात जाऊन ‘दोन कॉम्प्युटरला नेट जोडायचंय, एक डबा द्या’ म्हटलं की हातात कधी स्विच पडतो, कधी राउटर. दोन्हींच्या मागे सारखेच पोर्ट, म्हणून काम एकच, असा समज पक्का होतो. तो साफ चुकीचा आहे.

वायफाय आहे की नाही, पोर्ट चार की पाच, हे फरक किरकोळ. खरा फरक एकच: पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला ओळखायचा आयपी क्रमांक, कोण वाटतो.

घरगुती कनेक्शनवर कंपनीकडून साधारणपणे एका वेळी एकच पत्ता मिळतो. राउटर तो स्वतःकडे ठेवतो, घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो, आणि कोणत्या यंत्राने काय मागवलं याची नोंद ठेवून उत्तर त्यालाच पोचवतो. स्विच यातलं काहीच करत नाही. एका पोर्टातून आलेला डेटा योग्य पोर्टात सोडणं एवढंच त्याचं काम.

म्हणून खरेदीआधी एवढंच बघा: घरात पत्ते वाटणारं कुणी आधीच आहे का? फायबरचा जो डबा भिंतीवर लावलेला असतो, तो दोन प्रकारे चालतो. नेट सुरू करायला तुम्हाला कॉम्प्युटरवर ब्रॉडबँडच्या चिन्हावर क्लिक करून युजरनेम-पासवर्ड द्यावा लागत असेल, तर डबा नुसता ब्रिज आहे, म्हणजे कनेक्शन पुढे सोडतो, पत्ते वाटत नाही. इथे स्विच लावला तर पहिला कॉम्प्युटर चालेल, दुसऱ्याचं लॉगिन बहुधा नाकारलं जाईल. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टवर (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायची खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाइप करा, पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता कुणीच दिलेला नाही. इथे राउटरच हवा, आणि युजरनेम-पासवर्डही त्यातच भरायचा.

याउलट केबल लावताच नेट चालतं आणि आयपीकॉन्फिगमध्ये गेटवे (बाहेर नेटकडे जायचं दार) म्हणून त्या डब्याचाच पत्ता, समजा १९२.१६८.१.१, दिसतो, तर तो डबा स्वतःच राउटर आहे. डब्यावर दुसरा लॅन पोर्ट (घरातली यंत्रं जोडायचा) रिकामा असेल तर काहीच विकत घेऊ नका. नसेल तर स्विच पुरे.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक आणखी एक राउटर आणतात आणि डब्याकडून आलेली केबल त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायचा) खुपसतात. नेट चालतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. पण आता घरात दोन वेगळी नेटवर्क झाली: समजा डबा खालच्या मजल्यावर आणि नवा राउटर वरच्या, तर खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. खालच्या कॉम्प्युटरला वरचा प्रिंटर आणि शेअर केलेलं फोल्डर दिसत नाही, आणि दोष विंडोजला दिला जातो. राउटर आणलाच असेल तर त्याला आधी एकटा कॉम्प्युटर जोडा, त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) बंद करा, सेव्ह करा. मग मुख्य डब्याकडून आलेली केबल लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामाच राहू द्या.

स्विच घेताना पाच पोर्टचा, गिगाबिटचाच (१००० एमबीपीएसचा) घ्या. १०० एमबीपीएसचा स्वस्तातला नको. गिगाबिटला केबलच्या आठही तारा लागतात. टोकाच्या कनेक्टरमध्ये चारच तारा क्रिंप केल्या (दाबून बसवल्या) असतील तर वेग १०० वर अडकतो, म्हणून क्रिंप करणाऱ्याला आठही लावायला सांगा. क्रम दोन्ही टोकांना सारखाच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

गच्चीवरून केबल नेत असाल तर बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाचीच घ्या. घरात वापरायच्या केबलचं आवरण नागपूरच्या उन्हात तडकतं. स्विच कूलरजवळ ठेवू नका, ओलाव्याने पोर्टातल्या पिना गंजतात. आणि एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये लावली, तर डेटा गोल गोल फिरत राहतो आणि घरातलं सगळंच नेट ठप्प होतं. तसं झालं तर आधी ती केबल शोधून काढा.