यंत्राच्या सरावापासून विद्यार्थ्याच्या सरावापर्यंत

ऐरोली, घणसोली किंवा कोपरखैरणे येथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी भाड्याने राहतात अशा एखाद्या खोलीत रात्री 8 वाजून 5 मिनिटांनी सगळे लॅपटॉप उघडे आणि सगळे गप्प दिसले, तर कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर फेरी सुरू झाली असे खुशाल समजावे. ही विचित्र वेळ मॉस्कोच्या घड्याळातून आली आहे. तिकडे तेव्हा संध्याकाळचे 5 वाजून 35 मिनिटे झालेली असतात.

‘सराव स्पर्धा’ या शब्दाचा मूळ अर्थ आजच्या अर्थापेक्षा बराच वेगळा होता. महाविद्यालयीन संघांची आयसीपीसी ही आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा 1970 मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात भरलेल्या स्पर्धेतून वाढली आणि तिची पहिली अंतिम फेरी 1977 मध्ये अटलांटा येथे झाली. तीन विद्यार्थी, एक संगणक आणि पाच तास असे तिचे आजचे स्वरूप आहे. मुख्य फेरीच्या आधी जे सराव सत्र ठेवतात, त्यात पारख यंत्राची होते: कळफलक कसा आहे, कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे साधन) कोणता आहे, उत्तर आपोआप तपासणाऱ्या परीक्षक यंत्रणेपर्यंत ते पोहोचते का, एवढेच पाहायचे असते. प्रश्न नावापुरते असतात आणि गुण धरले जात नाहीत. विद्यार्थ्याने खरी तयारी आपापल्या महाविद्यालयात, मिळेल त्या मार्गदर्शकाकडून करून यावी, असे त्यात गृहीत होते.

स्पेनमधील व्हायादोलिद विद्यापीठाने आपली परीक्षक यंत्रणा 1997 च्या सुमारास सर्वांसाठी खुली केली, तेव्हा हे गृहीतक ढासळू लागले. सुरुवातीला प्रोग्रॅम ई-मेलने पाठवावा लागे आणि निकालही ई-मेलनेच येई. निकालात चूक कोठे झाली हे सांगितलेले नसे, केवळ ‘उत्तर चुकीचे’ किंवा ‘वेळ संपली’ एवढेच असे. हा कंजूषपणा आजही बऱ्याच ठिकाणी टिकून आहे, आणि माझ्या मते शिकण्याचा निम्मा भाग त्यातच आहे.

एक साधे उदाहरण पाहू. 2 लाख संख्या दिल्या आहेत, प्रत्येक संख्या 1 अब्जापर्यंत असू शकते आणि त्यांची बेरीज करायची आहे. वर्गात शिकवलेला ‘इंट’ हा पूर्णांक साठवण्याचा प्रकार बहुतेक ठिकाणी 2,14,74,83,647 च्या पुढे जात नाही. त्यामुळे घरी तीन संख्यांवर बरोबर चाललेला प्रोग्रॅम तेथे नापास होतो. याच संख्यांच्या जोड्या दुहेरी लूपने तपासायला गेले, तर सुमारे 2,000 कोटी जोड्या होतात. एका सेकंदात ढोबळमानाने 10 कोटी साध्या क्रिया होतात, असा स्पर्धकांचा हिशेब असतो. म्हणजे ही वाट बंदच. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र हाच प्रोग्रॅम सही घेऊन सुटतो, कारण तेथे पाच-दहा संख्यांपलीकडे कोणी जात नाही.

भारतात शालेय स्तरावर आयएआरसीएस या संस्थेच्या संगणक ऑलिंपियाडने अशा सरावाची वाट घडवली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड 1989 मध्ये बल्गेरियात सुरू झाले आणि भारत त्यात 2002 पासून उतरला. भारतातील निवडीच्या पहिल्या पायरीवर दोन परीक्षा होत्या, एक कागद-पेन्सिलीची आणि दुसरी संगणकावरची. त्यामुळे घरी संगणक नसलेल्या मुलालाही दार बंद नव्हते. 2009 मध्ये मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने कोडशेफ हे प्रोग्रॅमिंग स्पर्धांचे संकेतस्थळ सुरू केले. सुरुवातीच्या काळात तेथील मोठी मासिक स्पर्धा दहा दिवस चाले. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी-नेरूळकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवासात प्रश्न डोक्यात घोळवायला आणि रात्री लिहून पाहायला ती मुदत सोयीची होती. अर्थात उत्तरांची उसनवारी करायलाही तितकीच सोयीची होती. पुढे भारतातील आयसीपीसीची प्राथमिक ऑनलाइन फेरीही कोडशेफवर होऊ लागली, आणि महाविद्यालयातील संघ निवडण्यापूर्वी तशाच धर्तीची सराव फेरी घेणे ओघानेच आले.

कोडफोर्सेसच्या फेऱ्या रशियातील साराटोव्ह येथून 2010 मध्ये सुरू झाल्या. होऊन गेलेली फेरी नंतर ‘व्हर्च्युअल’ पद्धतीने देण्याची सोय तेथे आहे. घड्याळ पुन्हा शून्यापासून चालते आणि मूळ स्पर्धकांची क्रमवारी त्या-त्या मिनिटाला जशी होती तशी शेजारी सरकत राहते. महाविद्यालयातील सबमिशनच्या धावपळीत ज्याची 8 वाजून 5 मिनिटांची फेरी हुकली, तो जेवण आटोपून 11 वाजता तीच फेरी देऊ शकतो. त्याचे रेटिंग, म्हणजे फेऱ्यांतील कामगिरीवरून ठरणारा आकडा, मात्र त्याने वाढत नाही की घटतही नाही.